बुधवारचं मटण, गुरुवारचा उपास

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये आठवड्याला दोन रविवार असतात. एक कॅलेंडरातला, शाळांचा आणि बँकांचा. दुसरा येतो गुरुवारी. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुटी घेतली तर विजेच्या मागणीचा तोल बिघडतो, म्हणून औद्योगिक भागांना सुटीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. भोसरी एमआयडीसीतल्या लहानशा वर्कशॉपपासून चिंचवडच्या मोठ्या शेडपर्यंत बऱ्याच ठिकाणी गुरुवारी शटर खाली असतं. चाकणला प्लांट मागाहून आले. तिकडे कुणाची सुटी रविवारी, कुणाची गुरुवारी. त्यामुळे एकाच घरात नवरा गुरुवारी घरी, मुलं रविवारी घरी, आणि घरची बाई दोन्ही दिवस ओट्यापाशी!

सुटी आली की काहीतरी ‘खास’ हवं. पण गुरुवार म्हणजे दत्ताचा, स्वामींचा वार. कितीतरी घरांत त्या दिवशी मटण-मासळी चालत नाही, बायकांचा तर उपासच असतो. मग सुटीचं मटण बुधवारी रात्री शिजतं. बुधवारी संध्याकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग पाहिली की नव्याने राहायला आलेला माणूस चक्रावतो, की आज काय आहे बाई? आणि रविवारी मुलांना सुटी, पुण्याहून नणंद-भावजय यायच्या, म्हणजे पुन्हा काहीतरी गोडधोड, नाहीतर चिकन.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चाकणहून आलेलं एका मैत्रिणीचं पत्र. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती लाइनवर काम करते. वय अडतीस. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून ती नेटाने मागे लागली. साखरेचा चहा सोडला, संध्याकाळची भजी सोडली, जेवणात एक चपाती कमी केली. पहिल्या तीन महिन्यांत चार किलो उतरले. नंतर काटा जो अडला तो अडलाच. ती लिहिते, ‘ताई, मी सहा दिवस अगदी नियमाने राहते. एक दिवस सगळ्यांबरोबर मनासारखं जेवते. जिमवाला दादा म्हणतो, आठवड्यातून एकदा चीट मील पाहिजेच, त्याने शरीराची भट्टी पेटते. सासूबाई म्हणतात, एका दिवसात सहा दिवसांची तपश्चर्या पाण्यात. कुणाचं खरं?’

मला विचाराल तर दोघांचंही नाही. आणि दोघांना बाजूला ठेवलं, की तिच्या अडलेल्या काट्याचं कारण दिसायला लागतं.

आधी जिमवाल्या दादाची भट्टी पाहू. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. साठा पुरेसा आहे, असा निरोप ते मेंदूला देतं. खाणं कमी केलं की लेप्टिन घटतं, भूक वाढते आणि शरीर हात आखडून खर्च करू लागतं. मग एक दिवस पोटभर खाल्लं तर लेप्टिन पुन्हा वाढेल, असा हिशेब. स्वित्झर्लंडमध्ये दहा निरोगी स्त्रियांवर याचा प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. तीन दिवस त्यांना गरजेपेक्षा चाळीस टक्के जास्त खायला दिलं. जादा खाणं पिष्टमय पदार्थांचं होतं तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि दिवसभरात शरीर जाळत असलेली ऊर्जा ७ टक्क्यांनी वाढली. जादा खाणं तेला-तुपाचं होतं तेव्हा दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता आपल्या घरच्या हिशेबाने बघा. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या बाईने आठशे जास्त खाल्ल्या आणि त्यातल्या एकशेचाळीस जास्त जळल्या. बाकीच्या साडेसहाशे कुठे गेल्या? आठशेची साडी घेऊन एकशेचाळीसची सूट मिळाली म्हणून पैसे वाचले, असं कुणी म्हणतं का? आणि आपलं बुधवारचं ताट तर तर्रीचं, म्हणजे तेलाचं. भट्टी पेटवण्यासाठी खायचं असेल तर ते खाणं फुकट गेलं म्हणायचं. आवडतं म्हणून खायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याला भट्टीचं निमित्त कशाला हवं?

या दादाच्या बाजूने ऑस्ट्रेलियातला एक प्रयोगही सांगतात. त्यात लठ्ठ पुरुषांनी दोन आठवडे कमी खायचं आणि दोन आठवडे थांबायचं, असं केलं. त्यांचं वजन सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं, हे खरं आहे. पण त्या थांबण्याच्या आठवड्यांत त्यांना वजन आहे तिथे राहील एवढं मोजून जेवण दिलं होतं. ती काही मेजवानी नव्हती.

आता सासूबाई. त्यांचा पुरावा म्हणजे दुसऱ्या दिवशीचा वजनकाटा. रात्री मटण-भाकरी-भात झाला आणि सकाळी काटा दीड किलो पुढे! घाबरायलाच होतं. पण दीड किलो चरबी अंगावर चढायची तर साधारण साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील, कारण एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. एवढं खायला गावजेवणाची आख्खी पंगत एकटीने उठवावी लागेल. काट्यावर दिसतं ते पाणी. भाकरी-भातातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि तिच्या दर ग्रॅममागे तीनएक ग्रॅम पाणी धरतं. त्यात रश्शातलं मीठ आणखी पाणी रोखतं. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवलं की ते आपोआप जातं. तेव्हा एका जेवणाने तपश्चर्या पाण्यात जात नाही, पाणी तेवढं तपश्चर्येत येतं.

मग काटा अडला कशाने? मी त्या मैत्रिणीला उलट टपाली विचारलं, की आठवडाभर काय काय खाल्लंस ते वारांसकट लिहून पाठव. तिने वहीचं पान भरून पाठवलं. आणि त्यातच सगळं आलं.

तिची बचत रोज साधारण तीनशे कॅलरींची. म्हणजे एक चपाती, साखरेचे दोन चहा, थोडी भजी. सहा दिवसांचे झाले अठराशे. सातव्या दिवशी मटणाचा रस्सा, दोनाऐवजी तीन भाकऱ्या, वर भात आणि शेवटी गुलाबजाम. नेहमीच्या जेवणापेक्षा हे सातशे जास्त धरू. तरी आठवड्याला अकराशेची बचत उरते, म्हणजे महिन्याला अर्ध्या किलोहून थोडं जास्त. काटा हळू का होईना, पण उतरायला हवा.

पण वहीत बुधवार होता, तसा रविवारही होता. ‘एक दिवस मनासारखं’ म्हणताना तिने नवऱ्याच्या सुटीचा दिवस धरला होता. मुलांच्या सुटीचा दिवस तिच्या हिशेबात आलाच नव्हता, कारण तो तिला आपला वाटतच नव्हता. आता पुन्हा मांडा. पाच दिवसांचे पंधराशे वाचले, दोन मेजवान्यांचे चौदाशे गेले. उरले शंभर! एवढ्या बचतीत काटा हलणार कसा?

आणि मग गुरुवार. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या म्हाताऱ्यांनी उगाच नाही म्हटलेलं. आळंदी-देहूच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या आपल्याला तरी ते वेगळं सांगायला नको. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे साडेतीनशे कॅलरी, जवळजवळ नुसता पिठूळपणा, प्रथिनं नावालाच. मूठभर दाण्याचं कूट, दीड-दोन चमचे तूप. ती बशी सहज सातशेवर जाते. एखाद्या साध्या वरण-भात-भाजी-पोळीच्या जेवणापेक्षा ती जड पडते. त्यात दुपारी तळलेल्या बटाट्याच्या सळ्या आणि संध्याकाळी पुन्हा तीच उरलेली खिचडी. उपास श्रद्धेने करावा, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण तो वजन कमी करायच्या दिवसांत मोजू नये.

वहीतली आणखी एक ओळ मला सगळ्यांत बोलकी वाटली. ‘शुक्रवार: कालचं मटण थोडं होतं, संपवलं.’ बुधवारचं मटण गुरुवारी घरात कुणी शिवलं नाही. शुक्रवारी मुलांना नको झालं, नवऱ्याला डब्यात नको, म्हणून ते तिने संपवलं. शनिवारी शिळ्या भाताचा फोडणीचा भात. सोमवारी रविवारच्या शिऱ्यातला उरलेला. हे तिने चीट मीलमध्ये धरलं नव्हतं, कारण ते तिने हौसेने खाल्लंच नव्हतं! आपण बायका कितीतरी वेळा असं जेवतो. पातेल्यातलं, उभ्याउभ्या, वाया जाऊ नये म्हणून. गरम मटणाच्या वाटीला जेवढ्या कॅलरी तेवढ्याच शिळ्या वाटीला, मजा मात्र निम्मीसुद्धा नाही.

अन्न टाकू नये हे बरोबरच आहे. पण मग आणतानाच किलोच्या जागी पाऊण किलो आणावं. घरातल्या प्रत्येक उरलेल्या वाटीची सोय आपल्या पोटात लावायची, हा कुठला नियम?

वेळेचंही बोलायला हवं. सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते, कंपनीच्या बसने घरी यायला बारा वाजतात. तोपर्यंत बायको जेवायची थांबते आणि मग दोघं मध्यरात्री मटण-भाकरी खातात. शरीर रात्री साखर दिवसासारखी सांभाळू शकत नाही, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. तेच ताट आठला वाढून घेतलं तर ते सोसायला सोपं. नवऱ्यासाठी थांबावंसं वाटणं मला कळतं. गप्पा मारायला तेवढीच वेळ मिळते हेही कळतं. मग थांबा की, पण जेवून थांबा. तो जेवताना समोर बसा, हातात ताकाचा पेला घ्या. यावर काही घरांत भुवया उंचावतील. उंचावू द्याव्यात.

सहा दिवस करकचून बांधायचं आणि सातव्या दिवशी सोडायचं, ही पद्धत मुळात कितपत चालते? अमेरिकेत १९९४पासून एक नोंदवही ठेवली जाते. वजन कमी करून ते टिकवलेल्या माणसांची. २००४ साली त्यातून एक गोष्ट पुढे आली. आठवडाभर साधारण सारखं खाणाऱ्यांचं वजन वर्षभर जागच्या जागी राहण्याची शक्यता, एरवी कडक पण शनिवार-रविवारी सैल अशांपेक्षा दीडपट होती. फिनलंडमध्ये ऐंशी जणांच्या रोजच्या वजनांच्या नोंदी तपासल्या, ते २०१४मध्ये छापून आलं. तिथे दिसलं, की सुटीत वजन थोडं वाढणं आणि कामाच्या दिवसांत उतरणं हे जवळपास सगळ्यांचंच असतं. वजन कमी करणाऱ्यांचं विशेष एवढंच, की ते सोमवारपासून लगेच जागेवर येत. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारपासून म्हणा. सणाचंही तसंच. २००० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, नाताळच्या दिवसांत सरासरी जेमतेम ३७० ग्रॅम वजन वाढलं. किती थोडं! पण ते पुढच्या वर्षभरात उतरलं नाही. दरसाल ३७० ग्रॅम म्हणजे दहा वर्षांत पावणेचार किलो. खंडेनवमीला मशिनच्या पूजेचे पेढे, मग दिवाळी, मग कंपनीतून आलेला मिठाईचा बॉक्स... आपल्याकडे हे दिवस काही कमी नाहीत.

म्हणजे अधूनमधून भरपेट जेवण चालतं, फक्त ते खरंच अधूनमधून हवं. आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहायचं नाही. उपाशी राहिलं की संध्याकाळी शेव-फरसाणाच्या डब्याशी गाठ पडते आणि तिथे कुणी मोजून खात नाही. २०१८च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत घरोघरी पोचली तेव्हा आमच्या गल्लीतही तिची लाट आली होती. बायकांनी ‘दोनदा’ तेवढं उचललं, त्याबरोबरचं रोजचं पाऊण तासाचं चालणं बरोबर विसरल्या.

‘चीट’ हा शब्दच मला खटकतो. चीट म्हणजे फसवणूक. स्वतःच्या घरात, स्वतः रांधलेलं, मुलाबाळांबरोबर बसून खाल्लं, यात फसवलं कुणाला? असा शब्द डोक्यात बसला की बाई चोरासारखी जेवते. भराभर जेवते, लपवून जेवते आणि मग रडत बसते. काहीजणींचं यापुढेही जातं. एकदा खायला लागलं की थांबताच येत नाही, मग घशात बोटं घालून उलटी काढतात. असं होत असेल तर तो आळस नाही, हावरटपणाही नाही. तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाशी फार जवळची आहे. चाकणपासून फार लांब नसलेल्या वढू बुद्रुकच्या परिसरातल्या गावांत, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. त्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो. इंग्लंडातल्या बाळांचं साडेतीन किलो. पण ही लहानखुरी बाळं स्नायूंनी कमी असली तरी त्यामानाने चरबी राखून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२ टक्के!

याचा आपल्या ताटाशी संबंध असा, की ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणारीनेही कंबर मोजावी. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वजन कितीही दिसो, साखर तपासून घ्यावी. आणि मधुमेह असलेल्या मैत्रिणींना चीट मीलचा हा सगळा हिशेब तसाच्या तसा लागू नाही. त्यांनी ‘रात्री जेवायचंय म्हणून दुपारी उपाशी’ हा खेळ अजिबात करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि पोट रिकामं असेल तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस भोवळून पडतं. गुरुवारचा उपास धरण्याआधीही डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवून घ्यावं.

चाकणच्या मैत्रिणीला मी कळवलंय ते असं. बुधवार किंवा रविवार, एक वार निवड. कुठला ते तूच ठरव, सासूबाईंनी नको आणि जिमवाल्यानेही नको. त्या दिवशी बसून, ताटात वाढून घेऊन, गरम असताना जेव. रस्सा मनासारखा घे, तर्री घरच्यांसाठी सोड. दुसऱ्या सुटीला स्वयंपाक कर, पण तुझं ताट नेहमीचं ठेव. उपासाला भगर आणि दही, एखादं फळ, मूठभर भाजलेले दाणे. खिचडी हवीच असेल तर वाटीभर. वजन आठवड्यातून एकदा आणि ते मेजवानीच्या आधीच्या सकाळी. नंतरच्या सकाळी अजिबात नाही.

तिने ताजा कलम म्हणून विचारलंय, की चैत्रात माहेरच्या गावची यात्रा आहे. दोन दिवस पाहुणे, पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. आता एक वार म्हटल्यावर जाऊ की नको? अगं, जा की! वर्षातून एकदा येते ती यात्रा. त्या आठवड्यातला रविवार सोडून दे आणि येताना भाऊजयीने बांधून दिलेला पोळ्यांचा डबा कंपनीत नेऊन लाइनवरच्या सगळ्याजणींत वाट.